आवाज बसला की गाणं झालं

एका गावात एक बाप राहायचा, आणि त्याच्याइतका भोळा बाप त्या गावानं कधी पाहिला नव्हता. त्याचं नाव दौलू. भोळा म्हणजे किती भोळा? पोरगी किरकिर करायला लागली म्हणून बायको एकदा म्हणाली, "अहो, जरा चिमीची दृष्ट काढा." तिला वाटलं, हा मीठमोहरी घेईल. ह्यानं पाटी-पेन्सिल घेतली. बराच वेळ पोरीकडे टक लावून बसला आणि मग म्हणाला, "सगुणे, चिमी काढून झाली. दृष्ट कशी दिसते गं? तिला शेपूट असतं का?"

असा तो दौलू.

त्याची बायको सगुणा. पोरगी चिमी, अजून रांगतसुद्धा नव्हती. चिमीची एकच खोड. दुपारची झोप तिला आईच्या पाळण्याशिवाय लागत नसे. पाळणा म्हणजे लाकडाचा नव्हे, गाण्याचा. सगुणानं तो स्वतःच जुळवला होता.

बोंडाखाली बी, बीच्या पोटी गर,
नीज माझ्या चिमे, पापणी खाली कर.

एवढंच गाणं. सगुणानं म्हटलं की चिमी झोपलीच. दुसऱ्या कुणी म्हटलं की चिमी तोंडातला अंगठा काढून भोकाड पसरायची. दौलूनं एकदा म्हणून बघितलं. चिमी तर रडलीच, गोठ्यातली म्हैससुद्धा दावं तोडून गेली.

आणि सगुणाला काजूच्या कारखान्यात काम लागलं. गर सोलायचं काम. येत्या सोमवारी हजर हो म्हणाले, नाही आलीस तर जागा दुसरीला. काम तर तिला हवं होतं. पण जिवाला घोर लागला. दुपारी पोरगी झोपली नाही तर? रडून रडून घसा सुकला तर? रडता रडता श्वास कोंडला तर? शेजारच्या धुरपाकाकू सांभाळायला तयार होत्या. पण झोपवणार कोण?

सगुणा म्हणाली, "अहो, माझा आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवा. काकू दुपारी लावतील."

दौलूनं आवाज भरला. लावून बघितला. त्यात काकूंचा कोंबडा होता, कुकरची शिट्टी होती, कुणाच्या तरी टीव्हीतली भांडणं होती, आणि शेवटी दौलू स्वतः होता, "सगुणे, भरला का गं?" मधेच कुठंतरी सगुणाही होती. चिमी कुकरच्या शिट्टीला दचकून उठली आणि उठली ती संध्याकाळपर्यंत झोपली नाही.

"असं नाही चालायचं," सगुणा म्हणाली. "पेठेत शिरपतअण्णांकडे जा. ते घरातच गाणी तयार करतात. त्यांना विचारून शिकून या. आणि सांगतील तेच करा."

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं.

शिरपतअण्णा म्हणजे पेठेतलं मोठं प्रस्थ. घराच्या माडीवर त्यांनी गोधड्या टांगून एक खोली केली होती. भजनी मंडळं, लग्नातली बँडपथकं, सगळी तिथं येऊन गाणी भरायची. लग्नाआधी सगुणा त्यांच्याकडे अभंग गायची. अण्णा तिला लेकीसारखी मानत. म्हणून त्यांनी दौलूला माडीवर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "हे बघ गड्या, काही अवघड नाही. एक मिक्सर घे. सगळे आवाज त्यात सोड. कुठला किती ठेवायचा ते बटण फिरवून ठरव. सामान घेताना फक्त आवाज बघून घे. दिसण्यावर जाऊ नको."

दौलूनं मान डोलावली. दौलूला सगळं कळलं.

तो तडक पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात गेला. "मिक्सर द्या. आवाजाचा."

दुकानदार म्हणाला, "आवाज सगळ्यांनाच असतो हो. हा घ्या, ह्याला सगळ्यात कमी आहे."

"कमी नको. आवाज बघूनच घ्यायला सांगितलंय."

दुकानदारानं एकेक मिक्सर चालू करून दाखवला. दौलू डोळे मिटून ऐकत राहिला. शेवटी माळ्यावरून एक जुना, धूळ खाल्लेला काढला. तो चालू झाला आणि रस्त्यावरची कुत्री पळाली. दौलू म्हणाला, "हाच."

दुकानदार गिऱ्हाइकाच्या पाया पडायचा राहिला.

घरी आल्यावर दौलूनं सगुणाला ओट्यापाशी बसवलं. चटणीचं भांडं तिच्या हनुवटीखाली धरलं. "म्हण."

"ह्यात?"

"ह्यात."

"अण्णांनी असं सांगितलं?"

"अस्संच सांगितलं."

सगुणानं बिचारीनं भांड्यात तोंड घालून पाळणा म्हटला. शेवटचा शब्द आत पडला न पडला तोच दौलूनं झाकण लावलं, म्हणजे सांडायला नको, आणि बटण फिरवलं. घर हादरलं. फळीवरचे डबे खाली आले. चिमी किंचाळत उठली. धुरपाकाकू पदर खोचून धावत आल्या, त्यांना वाटलं गिरणी कोसळली.

दौलूनं झाकण उघडून भांड्यात कान घातला. "काय झालं असंल? फार बारीक वाटला गेला."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी हे ऐकलं आणि चहा त्यांच्या नाकात गेला. मग त्यांना सगुणाची दया आली. त्यांनी कपाटातून स्वतःचा एक जुना माईक काढला. "हा घेऊन जा. मिक्सरचं मी बघतो. तू फक्त ह्यात आवाज भरून आण. पण ह्याला जप हं. नाजूक आहे. पोटच्या पोरासारखा जप."

दौलू माईक छातीशी धरून निघाला. वाटेत विसरायला नको म्हणून घोकत होता, "पोटच्या पोरासारखा, पोटच्या पोरासारखा."

सगुणा विहिरीवरून आली तेव्हा चिमी खाली घोंगडीवर होती आणि पाळण्यात माईक होता. माईकला कोमट तेलानं चोळलं होतं. डाळीचं पीठ लावून न्हाऊ घातलं होतं. वावडिंगाची धुरी दिली होती. गुंडाळून, टोपडं घालून, गालाला काजळाची तीट लावून झोपवलं होतं.

"अहो, हे काय केलंत?"

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय."

"अण्णांनी असं सांगितलं?"

"अस्संच सांगितलं. फक्त ह्याला गाल कुठं ते कळेना."

डोळा लागला तो कायमचाच लागला. तो माईक परत कधी बोलला नाही. त्याच्या जाळीतून पाण्याचा एक बुडबुडा आला, तेवढाच.

अण्णांनी माईक उलटा केला, आतून पाण्याचे दोन थेंब टपकले. मग म्हणाले, "लेका, अरे गाणं भरताना पाण्याचा संबंध येऊ द्यायचा नाही. पाणी लांब. सगळं कोरडं पाहिजे. कोरडं! आता मोबाइलवरच भर."

दौलूनं मान डोलावली. दौलूला सगळं कळलं. "कोरडं, कोरडं, कोरडं," म्हणत तो ओढ्याच्या पाण्यातून घरी आला.

त्या दुपारी सगुणा सकाळपासूनची धुणी-भांडी आटपून गायला बसली. "अहो, घसा सुकलाय. जरा तांब्या द्या."

"नाही मिळायचा."

"म्हणजे?"

"गाताना पाणी लांब. सगळं कोरडं पाहिजे."

त्यानं तांब्या उचलून माळ्यावर ठेवला. माठावर घोंगडी टाकली. सगुणानं कसाबसा पाळणा म्हटला. आवाज असा आला, जसा उन्हात वाळलेला पापड कुणी मोडावा.

अण्णांनी ऐकलं. कपाळाला आठी घातली. "सगुणाचा आवाज असा? फारच कोरडं आलंय रे. ह्यात ओलावा पाहिजे. पाळणा म्हणजे ऐकणारा भिजला पाहिजे."

आता दौलू वाटेवर थांबला. हे अवघड होतं. माईकला पाणी नको. गाण्याला मात्र पाहिजे. तो एका दगडावर बसला आणि त्यानं डोकं चालवलं. गाणं येतं कुठून? मोबाइलमधून नाही. सगुणातून येतं.

दौलूला सगळं कळलं.

सगुणा अंगणात चिमीला मांडीवर घेऊन बसली. दौलूनं चिमीला उचलून काकूंकडे दिलं. तेवढी अक्कल देवानं त्याला दिली होती. मोबाइल लांब पाटावर ठेवला. सगुणा गायला लागली. "बोंडाखाली बी, बीच्या पोटी..."

मागून दौलूनं अख्खी घागर तिच्या डोक्यावर उपडी केली.

ते गाणं असं भरलं गेलं. बोंडाखाली बी, बीच्या पोटी, अगं आई गं! मेले, मेले! काय हो हे! कुकूच कू!

शेवटचा आवाज काकूंच्या कोंबड्याचा. तोही भिजला होता.

अण्णांनी ते ऐकलं आणि त्यांना हसावं की रडावं कळेना. शेवटी हसले. "गड्या, पुन्हा एकदा भर. आणि हे शिकून ठेव, गाण्यात जे नको ते कापायचं. हा कोंबडा बघ, पहिल्यापासून मधे मधे करतोय. आधी हा कोंबडा कापून टाक."

"कोंबडा कापू?"

"काप."

"नक्की ना अण्णा? मागून बोलायचं नाही."

"अरे काप म्हणतो ना! कोंबडा ठेवून पाळणा होतो का कधी?"

त्या संध्याकाळी दौलूच्या घरातून वाटणाचा वास सुटला. त्या वाटणाला नवा मिक्सर फार उपयोगी पडला. सगुणा कारखान्यात कागद द्यायला गेली होती. दौलूनं शेजारधर्म म्हणून एक वाडगं भरून काकूंना नेऊन दिलं. काकूंनी बोटं चाटून पुसून खाल्लं.

"दौल्या, काय रस्सा झालाय रे! जरा जून होता, पण चव बघ! कुणाचा कोंबडा?"

"तुमचाच, काकू."

काकूंच्या हातातलं वाडगं खाली पडलं नाही, कारण ते दौलूच्या अंगावर आलं.

"मुडद्या! माझा पहाटेचा गजर खाल्लास! मला खायला घातलास! आता तुझी पोरगी तू सांभाळ. मी उंबरा ओलांडायची नाही!"

सगुणा परत आली आणि तिला सगळं कळलं तेव्हा तिनं आधी धावत जाऊन चिमीला उचललं. सोमवार तोंडावर आला होता. पाळणा नव्हता, आणि आता काकूही नव्हत्या. "अहो, आता चिमीपाशी दिवसभर तुम्ही?" एवढंच ती म्हणाली आणि चिमीला घट्ट धरून बसली.

दौलू कोंबड्याच्या दोन पिसांसह अण्णांकडे धावला. "अण्णा, कोंबडा कापला. शिजवला. खाल्ला. पण मोबाइलमध्ये तो अजून आरवतोय. आता काय करू?"

अण्णा उठून खिडकीपाशी गेले. खिडकी लावून घेतली. परत आले. "दौलू, तू कापाकापी करू नको. कापायचं काम माझं. तू नुसतं एवढं समजून घे. आवाज वर गेला की दाबायचा. खाली गेला की उचलायचा. असं केलं की सगळं एका पातळीत येतं. गाण्यातली अर्धी भांडणं ह्यानंच मिटतात."

"दुसरी भांडणं पण मिटतात?"

अण्णांचं लक्ष नव्हतं. "हो, हो," म्हणाले.

"वर गेला की दाब, खाली गेला की उचल. वर गेला की दाब, खाली गेला की उचल." असं म्हणत दौलू घरी आला, तर दारात धुरपाकाकू. कमरेवर हात. अर्धी आळी गोळा झालेली.

"आला का कोंबडेखाऊ! ऐका हो सगळ्यांनी!"

काकूंचा आवाज वर गेला. दौलूनं पुढं होऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. आळीत एकदम सामसूम. काकूंचे डोळे गरगर फिरले. दौलूनं हात काढला. काकू भेदरून, अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "अगं बाई..."

खाली गेला. दौलूनं काकूंना कमरेत धरून उचललं.

"अरे सोड! सोड मेल्या!" दाबलं. "उतरव रे बाबा..." अजून वर उचललं.

बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. दौलू मात्र घामाघूम झाला होता. त्याच्या मनात आलं, अण्णा हे काम रोज कसं करतात? किती दमत असतील!

सगुणानं काकूंना सोडवलं, त्यांचे पाय धरले, म्हशीचं दूध महिनाभर द्यायचं कबूल केलं. काकू काही बोलल्या नाहीत. वर बोलावं की खाली, हेच त्यांना ठरवता येईना.

एक मात्र झालं. कोंबडा नव्हता. काकू गप्प होत्या. सगुणानं कुकर बंद ठेवला, दौलूला गोठ्यात कोंडलं, पोटभर पाणी प्यायली आणि पाळणा म्हटला. तो पहिल्यांदा धड भरला गेला. रविवारी सकाळीच दौलू तो घेऊन अण्णांकडे गेला.

अण्णांनी कानाला हेडफोन लावले. खाली तंबोऱ्याचा सूर सोडला. बटणं फिरवली. चेहरा खुलला. "छान! आता फक्त एक राहिलं. आवाज तंबोऱ्यावर तरंगतोय. आवाज बसला पाहिजे. आवाज एकदा नीट बसला ना दौलू, की गाणं झालं. पोरगी ढिम्म हलायची नाही. थांब, मी बसवतो."

पण थांब म्हणेपर्यंत दौलू जिना उतरलेला होता. आवाज बसवायला अण्णा कशाला पाहिजेत? हे तर त्याला येत होतं! लहानपणी त्याच्या आईनं रोज सांगितलं होतं, काय केलं की आवाज बसतो.

घरी येताना त्यानं हिरव्या चिंचा घेतल्या. बर्फाचा गोळा घेतला, लाल, भरपूर रंगाचा. वरून तळलेली भजी घेतली. सगळं सगुणापुढं मांडलं.

"माझ्यासाठी?" सगुणाचे डोळे भरून आले. बाळंतपणानंतर तिला कुणी असं बसवून खायला घातलं नव्हतं. "आज सूर्य कुठं उगवलाय!"

"खा. सगळं खा. भज्यांवर गोळा खा, गोळ्यावर चिंच खा."

ती खात होती तोवर दौलू गोठ्यात जाऊन आला आणि म्हणाला, "सगुणे, म्हैस दिसत नाही गं." म्हैस त्यानं घोंगडीखाली झाकून ठेवली होती. सगुणा टेकावर चढली आणि हाका मारायला लागली. "कपिले! ए कपिले!" दौलू खालून सांगत होता, "अजून जोरात! पलीकडच्या डोंगरावर गेली असंल!" कपिला घोंगडीखालून ओ देत होती, पण सगुणाच्या हाकांत ते कुणाला ऐकू येणार!

दुपारी सगुणा टेकावरून उतरली. तोंड उघडलं. आतून नुसतं "फस्स" आलं.

दौलू टाळ्या पिटत नाचला. "बसला! बसला! आवाज बसला!"

सगुणाच्या लक्षात आलं. तिनं दौलूला जे जे म्हणायचं होतं ते सगळं म्हटलं. त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. दौलू जवळ जाऊन प्रेमानं म्हणाला, "जरा मोठ्यानं बोल ना."

ती भिंतीला टेकून बसली. डोळ्यांतून धारा लागल्या. उद्या सोमवार. धड भरलेला पाळणा दौलूनं, बसला नव्हता म्हणून, वाटेतच पुसून टाकला होता. काम जाणार. तेवढ्यात चिमी झोपेला आली. कान ओढायला लागली, तोंड वेडंवाकडं करायला लागली. सगुणानं तिला पोटाशी धरलं. आवाज तर नव्हता. मग ती नुसत्या श्वासानं म्हणायला लागली. बोंडाखाली बी. बीच्या पोटी गर. शब्द कुठले, शेगडीवर फुंकर मारावी तेवढाच आवाज.

चिमीनं एक मोठा उसासा टाकला आणि दुसऱ्या ओळीच्या आतच झोपली. अशी झोपली की तिची मूठ उघडी पडली.

दौलूनं मोबाइल चालूच ठेवला होता.

संध्याकाळी अण्णांनी तो नवा आवाज लावला. खाली तंबोऱ्याचा सूर सोडला. एकदा ऐकलं. मग त्यांचं डोकं हळूहळू खाली आलं आणि बटणांवर टेकलं. दौलूनं हलवलं तेव्हा ते खडबडून उठले. "लेका दौलू! काय बसलाय आवाज! तीस वर्षं मी हे करतोय, असा बसवता आला नाही मला. कसं केलंस?"

"चिंच, गोळा आणि म्हैस," दौलू म्हणाला.

अण्णांनी कानाला हेडफोन परत लावले. गाण्यावर शेवटचा हात फिरवला आणि मोबाइल दौलूच्या हातात दिला. "ह्याला मास्टर करणं म्हणतात. आता हे गाणं लहान मोबाइलवर लाव, रिक्षात लाव, देवळाच्या कर्ण्यावर लाव, सगळीकडे सारखंच वाजलं पाहिजे. सगळीकडे लावून बघितल्याशिवाय गाणं पुरं झालं म्हणायचं नाही. कळलं?"

दौलूनं मान डोलावली. दौलूला सगळं कळलं.

सोमवार उजाडला. सगुणानं दौलूला खुणा करून करून सांगितलं. दूध इथं, दुपटी इथं, झोपायला आली की गाणं लावा. दारापर्यंत गेली, परत आली, चिमीचा पापा घेतला. परत गेली, परत आली. मग पळतच सुटली.

चिमी झोपेला आली. दौलूनं गाणं लावलं. चिमी झोपली. जगात दुसरं काही करायचं उरलं नव्हतं.

पण अण्णांनी सांगितलं होतं, सगळीकडे.

दौलूनं झोपलेल्या चिमीला झोळीत घालून पाठीला बांधलं आणि निघाला. तिठ्यावर रिक्षा उभी होती. तिच्यात लावलं. रिक्षावाला हँडलवर डोकं टेकून घोरायला लागला. सारखंच वाजलं! देवळात गेला. कर्ण्यावर लावलं. पारावरचे म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर कलले. पुजारी घंटेचा दोर धरून उभ्या उभ्या झोपला. सारखंच! कुत्री, शेळ्या, दळण घेऊन चाललेली बाई, सगळी वाटेत जिथल्या तिथं.

आता मोठा कर्णा एकच राहिला होता. काजूच्या कारखान्यातला.

फाटकावरचा राखणदार म्हणाला, "कोण पाहिजे?" दौलूनं मोबाइल त्याच्या कानाला लावला. राखणदार खाली बसला. आत ऑफिसात गाणी लावायचं मशीन होतं. बायकांची कामं भराभर व्हावीत म्हणून तिथं दिवसभर ठेक्याची गाणी वाजत. दौलूनं त्याला मोबाइल जोडला.

बोंडाखाली बी...

सोलणाऱ्या बायांच्या ओळीच्या ओळी खाली झुकल्या. सुपरवायझर कुमुदताई वजनकाट्यापाशी उभ्या होत्या, त्या काट्यावरच बसल्या आणि झोपल्या. काटा आपला त्यांचं वजन दाखवत राहिला. आणि सगळ्यात आधी कोण झोपलं? सगुणा. चिमी झाल्यापासून तिला सलग झोप अशी मिळालीच नव्हती. ती काजूच्या सालपटांच्या ढिगात गाल टेकून अशी झोपली होती, जशी काल चिमी झोपली होती. मूठ उघडी.

दौलूला कुठली झोप! तो गाणं ऐकत नव्हता, सारखं वाजतंय का तेवढंच मधोमध उभा राहून बघत होता. सारखंच! इथून तिथून सारखंच! अण्णा असते तर पाठ थोपटली असती.

तेवढ्यात पाठीवर काहीतरी हललं. अख्ख्या गावात एकटी चिमी जागी झाली होती. तिची तर झोप झाली होती ना! आता तिला भूक लागली होती. तिनं झोळीतून डोकं बाहेर काढलं, पन्नास झोपलेल्या बाया बघितल्या, आणि असं भोकाड पसरलं की काट्यावरच्या कुमुदताई एक वीत वर उडाल्या.

बाया खडबडून उठल्या. सगुणा उठली, धावली आणि तिनं चिमीला पोटाशी घेतलं. गेलं काम. पहिल्याच दिवशी गेलं.

कुमुदताईंनी डोळे चोळले. दौलूकडे बघितलं, चिमीकडे बघितलं, मग सगुणाच्या गालाला चिकटलेलं काजूचं सालपट बघितलं. त्यांनाही लेकरं होती. म्हणाल्या, "सगुणा, उद्यापासून पोरीला इथंच घेऊन ये. त्या कोपऱ्यात झोळी बांध, झोपायला आली की पाच मिनिटं उठून झोपव. पण हा माणूस आणि त्याचं ते गाणं, दोघांना घरी बांधून ठेव. माझ्या फाटकात दोघं दिसता कामा नयेत!"

सगुणानं मान डोलावली. शेजारी दौलूनंही डोलावली.

दुसऱ्या दिवशी सगुणा चिमीला घेऊन कामाला गेली. दिवस झकास गेला. आवाजही थोडा मोकळा झाला. संध्याकाळी ती घरी आली आणि दारातच थांबली.

घरातल्या मधल्या खांबाला म्हशीच्या दाव्यानं दौलू बांधलेला होता. त्याच दाव्यात पलीकडच्या बाजूला धुरपाकाकू बांधलेल्या होत्या. काकू गाढ झोपल्या होत्या. कुठूनतरी बारीक आवाज येत होता, बोंडाखाली बी.

"अहो, हे काय?" सगुणा घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"हळू. कुमुदताईंनी सांगितलं ना, बांधून ठेव."

"तुम्हाला बांधायला सांगितलं. काकूंना कशाला बांधलंत?"

"त्यांना कोण बांधतंय?" दौलू म्हणाला. "बांधायचं होतं गाण्याला. काकू दूध न्यायला आल्या, म्हणाल्या, बघू रे ते गाणं कसं आहे. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला, त्या तिथंच झोपल्या. आता गाणंच त्यांच्या हातात आहे, त्याला मी काय करू?"